भिंतीला न धरता

प्रिय अंजू,

हे पत्र तुला मुरमुऱ्यांच्या पिशवीत तळाशी सापडेल. शेजारच्या धुरपताला बजावलंय, अंजूच्याच हातात दे, तिच्या सासूच्या नको. तिचं माहेर नेमकं तुमच्या गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसन गावात, हे एक बरं झालं. फोन करून उपयोग नाही. तुझा फोन आधी तुझा नवरा उचलतो आणि माझा आवाज ऐकला की बंद करतो. त्याला जावईबापू म्हणायला माझी जीभ आता वळत नाही, म्हणून नुसतं कैलाश लिहिते.

आधी माझी तब्येत सांगते. तू विचारणार नाहीस, पण मला सांगायची आहे. ऑपरेशनपासून वजन जवळजवळ निम्म्यावर आलं. आंधळगावच्या बाजारात बायका मला आधी ओळखत नाहीत, आणि ओळखलं की तोंडाला पदर लावून विचारतात, आनंदाबाई, कोणता आजार लागला. गुडघे हलके झाले हे खरं. पण बाकीचे सांधे असे पेटलेत की सकाळी बोटांची मूठ होत नाही. घोटे सुजतात, खांदा वर जात नाही, लुगडं पिळायला दुसरी बाई लागते. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, पोट लहान केल्यावर कॅल्शियम, व्हिटॅमिन अंगाला पुरतं लागत नाही, आणि वजन भराभर उतरलं की युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे धरतात. मळमळतं म्हणून मी गोळ्या टाळत होते, तर त्यांनी मला चांगलं झापलं. आता घेते. तुझा भाऊ चंद्रकुमार मात्र रोज जेवताना ऐकवतो, कोणी सांगितलं होतं पोट कापायला.

कोणी सांगितलं होतं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. तुलाही नाही.

अंजू, मी जन्माची जाडी नव्हते. लग्न झालं तेव्हा तुझे बाबा मला एका हातानं ओढत अंगणात न्यायचे. चंद्रकुमार पोटात असताना त्यांनी मला गोठ्याच्या खांबावर आपटलं, तेव्हाचा दात अजून अर्धा आहे. तुझ्या जन्मानंतर अंगावर मांस चढलं. एक दिवस त्यांनी मला ढकललं आणि मी जागची हललेच नाही. ते माझ्याकडे बघत राहिले आणि बाहेर निघून गेले. त्या दिवसापासून मी खाऊ लागले. भूक नसताना भात खाल्ला, रात्रीचं उरलेलं सकाळी खाल्लं. लोक हसले, मी हसू दिलं. शेवटची बरीच वर्षं देवाजीनं, तुझ्या बापानं, माझ्या अंगाला हात लावला नाही आणि तसाच तो मेला. माझ्या चरबीनं मला वाचवलं होतं. ती काढून टाकणं मला सोपं गेलं असेल असं समजू नकोस.

आता दोन वर्षांपूर्वीची तुमच्या गावची मंडई आठव, दिवाळीनंतरची ती जत्रा. दुपारची वेळ. तुझे सासू-सासरे दंडारीचा खेळ बघायला चौकात गेलेले. मला तेवढं चालवत नव्हतं, म्हणून मी घरी, माझ्यासाठी तू घरी, आणि कैलाश. शेजारून मागून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी बसले आणि ती खुर्ची मोडली. तुम्ही दोघांनी मला भिंतीला टेकवून सतरंजीवर बसवलं. मीच आधी हसले, आठवतं? कैलाश हसला नाही. तू चहा ठेवायला आत गेलीस. तो मोडलेल्या खुर्चीकडे बघून मला अगदी मानानं म्हणाला, "तुमी बसा आरामात. उठाची घाई नोका करू."

मग तो आत गेला. त्यानं दारसुद्धा लावलं नाही.

मी सगळं ऐकलं. पहिली चापट. मग चुलीवरचा चहाचा गंज पडला आणि सगळा चहा सांडला. मग तुझं डोकं आलमारीवर आदळल्याचा आवाज, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी त्याचं तेच, "तुह्या मायनं खुर्ची मोडली." मी ओरडले. चौकातल्या भोंग्यापुढे माझा आवाज कुठे जाणार? मी भिंतीला धरून उठायला गेले आणि खाली बसले. पुन्हा गेले, पुन्हा बसले. शेवटी ढुंगणावर घसटत उंबऱ्यापर्यंत आले, तेवढ्यात तो मला ओलांडून बाहेर गेला. अंजू, तो मला ओलांडून गेला. आणि मग तू आलीस. नाकातलं रक्त पदरानं पुसलंस, माझ्या दोन्ही बगलांत हात घातलेस आणि मला उठवलंस. मार खाल्लेल्या लेकीनं मला उठवून उभं केलं. ऑपरेशन मी त्या उंबऱ्यावर ठरवलं.

त्यानंतर मी फक्त एकच गोष्ट शिकले. स्वयंपाकघरात दार लावून खाली बसायचं आणि उठायचं. आधी ओट्याला धरून, मग नुसता भिंतीला हात लावून, मग काहीच न धरता. घोटे ठणकायचे, मनगटावर भार दिला की डोळ्यांत पाणी यायचं. चंद्रकुमारला वाटायचं, माय आत देवाचं करते.

यंदाच्या मंडईला मी आले तेव्हा कैलाशनं मुद्दाम लोखंडी खुर्ची काढून ठेवली होती. मी खालीच बसले. तू चपला घातल्यास, माझ्यासोबत चौकात यायला. एवढंच केलंस तू. त्यानं उंबऱ्यावरच तुझे केस मुठीत धरले आणि माझ्याकडे बघितलं, ही काही उठणार नाही अशा खात्रीनं, दोन वर्षांपूर्वीसारखं. आणि मी उठले. त्याचं तोंड तू बघितलं नाहीस, तुझी मान मागे ओढलेली होती. मी बघितलं. नळाजवळ कपडे धुवायची मोगरी पडली होती. पहिला फटका कोपरावर बसला, वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला आणि तुझे केस सुटले. दुसरा गुडघ्यावर मारला. त्याची गरज नव्हती, तरी मारला, आणि मला बरं वाटलं. तिसरा डोक्यावर बसला असता. तू माझं मनगट धरलंस. नेमकं ते दुखरं मनगट, आणि किती जोरानं.

मला दाराबाहेर काढताना तू म्हणालीस, "माय, तू जाय. तू गेल्यावर मलेच राहाचं आहे इथं."

त्या वाक्याचा मला राग आला होता. वाटेत बसमध्ये मी तुला शिव्या घातल्या. घरी येऊन दोन दिवस जेवले नाही. मग कळलं, तू खरं तेच बोलली होतीस. मी मारून निघून आले आणि त्याचा हिशेब तुझ्याकडून वसूल होणार. प्लास्टर एकाच हाताला आहे, दुसरा मोकळा आहे. हे मनात येतं तेव्हा सांध्यांचं दुखणं मला जाणवतसुद्धा नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. तुझ्या सासऱ्यांनी निरोप पाठवलाय, रविवारी चार माणसांसमोर येऊन माफी मागा, नाहीतर पोलिसात देऊ. चंद्रकुमार म्हणतो, हात जोड आणि मोकळी हो. मी येते आहे. ते मला खुर्ची देतील. मी घेणार नाही, त्याच भिंतीजवळ सतरंजीवर बसेन. तुला तिथंच राहायचं असेल तर चहा देऊन झाला की ट्रे घेऊन आत जा. मी हात जोडेन, म्हणतील ते सगळं बोलेन, त्याच्या पायाही पडेन, म्हणजे तुझ्यावरचा राग थोडा तरी उतरेल. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही येणार नाही. पण तुला यायचं असेल, तर काही बोलू नकोस, सामान भरू नकोस. नुसत्या चपला घाल. मला तेवढं दिसलं की मी उठेन, आणि या वेळी मला उठवायला तू येऊ नकोस, तू सरळ दाराकडे चाल. मी तुझ्या मागे असेन.

तुझीच,
माय