कोरड्या सुईची करामत

तीर्थरूप आईस,

काळजी करू नकोस, पण गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. दोन महिने बस चालवलीच नाही. कमरेतून पोटरीपर्यंत अशी कळ जायची की सीटवर बसवत नव्हतं.

आज फिजिओथेरपीवाल्या बाईंनी कुल्ल्यात केसासारखी बारीक सुई घातली. औषध नाही, काही नाही, नुसती कोरडी सुई! आतला स्नायू आपोआप टुणकन उडाला.

"हे कोणी हलवलं?" मी ओरडलो.

"तुमचाच स्नायू आहे, आखडलेला सुटतोय," त्या हसल्या.

सदतीस वर्षं या अंगात राहतोय गं, पण आत असं काही दडलंय हे ठाऊकच नव्हतं!

कळ बरीच ओसरलीय. व्यायाम बाकी आहेत. बाबांचा गुडघा कसा आहे?

तुला वाकून नमस्कार. खरंच वाकून केला.

तुझा धाकटा