नळीतला दाब

अब्बा,

घरात आपण दखनीत बोलायचो, पण मला लिहिता येतं ते शाळेतलं मराठी, म्हणून मराठीतच लिहिते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. माजलगावचं आपलं गॅरेज अजून डोळ्यांपुढे आहे. पुढे गाड्या, मागे पत्र्याची भिंत, आणि भिंतीपलीकडे अम्मीचं स्वयंपाकघर. सासरहून मी कायमची परत आले, तेव्हा तुम्ही काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकरा नंबरचा नवा पाना माझ्या हातात ठेवलात, एवढंच.

ते दुष्काळाचं साल. टँकर पाच दिवसांनी यायचा. दूध संघाची व्हॅन जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन चारा छावण्यांवर फिरायची. त्या दिवशी ती धक्के खात आली. पेट्रोलच्या फिल्टरमध्ये कचरा अडकला होता. संघाचे सचिव दारातच उभे. "लवकर करा चाचा, छावणीत जनावरं पडायलीत."

तुम्ही म्हणालात, "साहेब, आदी नळीतला दाब काढावा लागतो. पंपाचा फ्यूज काढायचा, गाडी चालू करायची, आपोआप बंद पडूस्तोवर थांबायचं. मग बॅटरीची तार काढायची. फिल्टर त्याच्यानंतर." आणि नवा फिल्टर आणायला समोरच्या दुकानात गेलात. सचिवही फोनवर बोलत रस्त्यावर गेले. मला वाटलं, इंजिन तर बंदच आहे, कसला दाब? तुम्ही यायच्या आत जुना फिल्टर काढून दाखवावा. मी गाडीखाली शिरले आणि जोडाला पाना लावला.

पेट्रोलची चिळकांडी थेट तोंडावर आली. डोळ्यांत आग. मी ओरडत बाहेर आले. तुमच्या चपलांचा आवाज जवळ आला, आणि माझ्या शेजारून पुढे निघून गेला. "गॅस बंद करो! गॅस बंद!" भिंतीपलीकडे अम्मीची कढई चढलेली होती, हे मला तेव्हा सुचलंच नाही. तुम्ही माझ्यापाशी थांबला नाहीत, एवढंच मनाला लागलं, आणि ते पुढे कितीतरी दिवस लागून राहिलं.

मग तुम्ही परत आलात. दंडाला धरून मला पिंपापाशी नेलंत आणि तांब्यामागून तांब्या डोळ्यांवर ओतलात. पाच दिवसांचं पाणी संपेपर्यंत ओतलात. "दो मिनट ठैरने को क्या हुआ था?" रागावलात ते इतकंच. दवाखान्यातले डॉक्टर नंतर म्हणाले, लगेच धुतलं म्हणून डोळे वाचले.

दवाखान्यात जायला निघताना सचिवांनी विचारलं, "काय झालं?" तुम्ही म्हणालात, "माज्याच हातून झालं साहेब. दाब काढायचा ऱ्हायला." ते म्हणाले, "चाचा, वय झालं आता तुमचं." पुढच्या महिन्यापासून संघाच्या गाड्या दुसरीकडे जायला लागल्या. तुम्ही सचिवांना तसं सांगितलंत त्या वेळी मी डोळ्यांवर ओली ओढणी धरून तुमच्याच शेजारी उभी होते. बोलले नाही. नंतरही नाही. तुम्हीही तो विषय कधी काढला नाहीत.

आता मी अंबाजोगाईत मुलामुलींना मोटार दुरुस्ती शिकवते. आधी फ्यूज काढायला लावते, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत थांबवते, जोडाला फडकं गुंडाळून मगच हळूहळू सैल करायला सांगते. दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, एवढं कावून?" मग मी त्या दिवसाची गोष्ट सांगते. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून इथं तरी खरं लिहिते. माझ्या गोष्टीत दाब काढायचा विसरतो तो एक म्हातारा मेकॅनिक असतो. मुलं हसतात, आणि मी त्यांना हसू देते.