बाबांच्या संगणकाचा माऊस

सीत्स्के,
वाटाण्याचं सूप तेवढं गरम करून घे. मी कालव्यावर एक चक्कर मारून येतो.

बाबांनी हौसेने जोडलेल्या त्या जुन्या धाटणीच्या संगणकावर मी प्रोग्राम लिहून यूएसबी माऊस चालता केला एकदाचा. पण ते चित्र काढायला बसले की पडद्यावरचा बाण थरथरतो. आठवडाभर मी माझ्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो. आज माऊस स्वतः धरला, तर बाण एकदम स्थिर.

प्रोग्राममध्ये थरथर गाळता येते गं, पण मग त्यांची बारीक रेघही जाते.

त्यांना म्हटलं, चूक माझीच आहे. तूही तेच सांग. एरवी माझी चूक सापडली की कॉफी गार होईपर्यंत सुनावतात. आज नुसतं 'असू दे रे' म्हणाले आणि उजवा हात खिशात घातला.

येल्मर