आयोडीनचा अणू आणि नानांचा शेक

११ फेब्रु., जळगाव
इंदूरच्या मोठ्या एक्स-रे मशीनवरून नमुने आणले, बर्फाचा डबा मांडीवर. आज जेलमध्ये विजेवर चालवून बघितले; प्रत्येक नमुन्याची एक पट्टी, तुटलेला डीएनए वेगळ्या जागी दिसतो. साधा डीएनए अखंड. आयोडीन जोडलेला तुटला! ठरावीक ताकदीचा एक्स-रे आयोडीनचा अणू एकदम जास्त गिळतो, इलेक्ट्रॉन फेकतो, शेजारचा धागा कापला जातो. तीन वर्षं हे नुसतं वहीत होतं.
दादाला धुळ्याला फोन केला. वडिलांच्या, नानांच्या, घशातल्या कॅन्सरच्या गाठीला तिथे शेक (रेडिएशन) चालू. म्हटलं, एक दिवस यातून फक्त गाठच तुटेल. फार बोलले मी.

१२ फेब्रु.
शेवटची पट्टी काल बघितलीच नव्हती. आयोडीनचा जो नमुना एक्स-रेत ठेवलाच नाही, तोही तुटलाय. मग कशानं? उजेडानं? डबा खिडकीजवळ उघडला होता...
माझे गाईड सर म्हणाले, "ती पट्टी खराब गेली असेल. सोडून दे. पेपर पाठवतोय." मी पट्टीचा फोटो काढून ठेवला.

१४ फेब्रु.
दादाचा फोन. नाना शेकाला जाईनात. अकरा झाले, बावीस बाकी. डॉक्टर म्हणतात, खंड पडला तर गाठ पुन्हा वाढेल.
"तूच म्हणालीस ना, फक्त गाठ तुटते! तेच मी नानांना सांगितलं."
"एक दिवस" हे त्याने ऐकलंच नाही. की मीच नीट...

१५ फेब्रु., धुळे
नानांचा गळा भाजून काळा पडलाय. पाणी गिळताना डोळे मिटतात. माझं औषध आलं की तेच घेणार म्हणतात.
"तुन्हं औषध उनं का मंग तेच लिसू."
"नाना, ते औषध नई शे. नळीमाधला प्रयोग शे. आनि तोबी चुकना व्हई."
"माले दवाखानामा धाडाकर्ता खोटं बोली राह्यनी तू."
मोबाईलवर पट्टीचा फोटो दाखवला. कुठली पट्टी तुटायला नको होती, ते बोटाने दाखवलं. माझ्या बापाने फोटो डोळ्यांजवळ नेला.
"हाई तुन्हा सरले सांगं का?"
"तवाच सांगं. सर म्हनतस, सोडी दे."
"आनि तू?"
मी फोटो बंद केला. नाना भिंतीकडे वळले.

१६ फेब्रु.
सकाळी सरांना मेसेज: पेपर पाठवू नका, प्रयोग अंधारात पुन्हा करते. नाहीतर माझं नाव काढा. वाचलाय. उत्तर नाही.
मेसेज नानांना वाचून दाखवला.
शेकाची वेळ साडेदहा. दादा खाली रिक्षा थांबवून उभा. नाना उठून बसलेत, पाय खाली सोडून. दहा वाजून पाच. मी काही बोलत नाहीये. बोलले तर पुन्हा खोटंच वाटेल त्यांना. नाना चपलेत पाय घालताहेत.