गरीब स्वभावाचा घोडा

प्रिय छकुले,

तुझं पत्र पोचलं. घोडा इतका गरीब, की मान खाली घालून छोटीचा तळहात चाटत राहिला, हे वाचलं आणि शाळेतल्या कविता आठवल्या. काय घोडे होते ते! वाऱ्याशी पैज लावणारे, धन्यासाठी प्राण टाकणारे. मी बाकावर बोटांनी टापा वाजवत त्या म्हणायचो आणि मास्तर पाठीत रट्टा घालून म्हणायचे, "उतरा आता, स्वारी!" कवितेतला घोडा कधी लंगडत नाही गं. बाजारातला लंगडतो, म्हणून विकणारा त्याला मऊ मातीवरच चालवून दाखवतो. फरशीवर चालवायला लावायचं. ताल चुकला तर कानाला कळतंच. तू यायच्या आधीच घोडा फिरवून ठेवला असेल, तर पाठ ओलसर लागते. समजावं, आखडलेले पाय सैल केलेत. वय विचारलं की दात दाखवतात. दात कानशीने घासता येतात, पण डोळ्यांवरचे खळगे भरता येत नाहीत. माझे मी रोज आरशात बघतोच.

तुझा घोडा मात्र तरणा आहे, धडधाकट आहे. घोडं पेंड खातंय ते दुसरीकडेच. त्याचं पाणी तोडलं होतं. आदल्या दिवसापासून घोटभर मिळालं नाही, की कसलाही माजोरी घोडा गाय होतो. छोटीचा हात तो मायेने चाटत नव्हता, तहानेने चाटत होता. पोटभर पाणी प्यायल्यावर त्याच घोड्याने निगा राखणाऱ्या मोतद्दाराला भिंतीवर आपटलं. बिचाऱ्याच्या बरगड्या मोडल्या.

इथवर 'विकणारा' म्हणत आलो. 'तुझा दादा' असं लिहायला हात धजत नव्हता. तबेला माझ्या खिडकीखालीच आहे, सगळं दिसतं. म्हणून तर तू आलीस त्या दिवशी त्याने मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं. सख्ख्या भाचीला त्या घोड्यावर बसवायला निघालाय, पोटचा गोळा माझा! मी म्हटलं, "अरे, पोर मरेल." तर हसून म्हणतो, "अप्पा, तुम्ही आपल्या कविता म्हणा." रविवारी येशील तेव्हा घोडा नेऊ नकोस. मला ने.

वाट बघत बसलेला, तुझाच,
अप्पा