झोपाळ्यावरचा सल्ला

अण्णा, काल एका बाईंनी मला फोनवर तोच प्रश्न विचारला. बाई परदेशातल्या, माझ्या भाच्याच्या ओळखीच्या. त्यांना तिकडून यंत्रं आणून इथे छोटा कारखाना काढायचाय, आणि भाच्याने सांगितलं की आमच्या आत्याने जन्मभर आयातीचे कागद केलेत, तिला विचारा. इथला वकील करावा लागेल का, एवढंच त्यांना हवं होतं. मी आधी म्हटलं, लागेल. मग म्हटलं, लागतोच असं नाही. शेवटी म्हटलं, उद्या सांगते. ज्या कामावर इतकी वर्षं पोट भरलं त्यातला हा पहिलाच प्रश्न, आणि मी उलटतपासणीला उभ्या केलेल्या साक्षीदारासारखी चाचरत होते. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्याहून मी आता वयाने मोठी आहे, तेव्हा चार शब्द स्पष्ट लिहिले तर चालवून घ्या.

कोपरीच्या आपल्या घराची ओटी मला अजून जशीच्या तशी दिसते. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. तुमची वकिली ठाण्याच्या कोर्टात, आणि दावे सगळे जमिनीचे. बांध, मिठागरं, वाटेचा हक्क, भावाभावांतल्या वाटण्या. रविवारी सकाळी मात्र तुम्ही झोपाळ्यावर बसायचात, धोतर आणि बंडी, तोंडात सुपारी, आणि ज्याला जे विचारायचं ते तो येऊन विचारायचा. झोपाळ्यावर फी नाही, हा तुमचा नेम. कोट घालून सांगतो तो सल्ला, झोपाळ्यावर बसून सांगतो ते नुसतं बोलणं, असं तुम्ही म्हणायचात. समोर जमिनीवर बसलेल्या माणसाला हा फरक कळत असेल का, असा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. तुम्हाला तो पडला नसावा. की पडला होता, कोण जाणे.

मला वकिली शिकायची होती, आठवतं? तुम्ही नाही म्हणाला नाहीत. हो पण म्हणाला नाहीत. एका दुपारी हमालाच्या डोक्यावर टाइपरायटर ठेवून घरी आलात आणि म्हणालात, हा घे, आजपासून तू माझी कारकून. मी इतकी आनंदले की आपल्याला दुसरंच काहीतरी हवं होतं हे विसरूनच गेले. ते आठवलं तेव्हा उशीर झाला होता. मग तुम्ही मला दस्त लिहायला शिकवलंत. पहिल्याच खरेदीखतात मी कोपऱ्यातलं आंब्याचं झाड लिहायचं विसरले, तेव्हा अख्खा कागद माझ्यासमोर टराटरा फाडलात. आवाज चढवला नाहीत, पण आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "जमीन लिहिताना हात आखडायचा नाही," तुम्ही म्हणालात. "विहीर, झाड, दगड, सगळं सहित लिहायचं. सहित लिहिलं की मागाहून कोणी उठून भांडत नाही." ते मी मनात कोरून ठेवलं. त्यानंतर माझ्या हातून सहित कधी सुटलं नाही, आणि तिथेच घात झाला.

त्या रविवारी डोंबिवलीच्या पलीकडच्या गावातले तुमचे जुने अशील आले. खाडीकाठची त्यांची जमीन तुम्ही दोन दाव्यांतून सोडवून दिली होती, त्यामुळे येताना ते कधी रिकाम्या हाताने येत नसत. त्या दिवशी त्यांनी टोपलीभर पडवळांबरोबर एक गोरा माणूसही आणला. युरोपातल्या कुठल्याशा लहान देशातला, उंच, कोपरांना ठिगळं लावलेला कोट. नारळाच्या करवंटीपासून बटणं करायची त्याची कल्पना होती. बटणं कापायचं यंत्र त्याच्या देशात तयार होतं, ते बोटीने आणायचं, आणि अशीलबुवांच्या मोकळ्या छपरीत बसवायचं. आपल्या धाकट्या मुलांना मिठागरात राबावं लागू नये म्हणून त्यांनी छपरी भाड्याशिवाय देऊ केली होती. झोपाळ्यासमोर बसत ते म्हणाले, "वकीलसाहेब, मानूस सरल हाय. त्याला येकच इचाराचा हाय, इथला वकील कराला लागंल का नाय."

गोऱ्या माणसाचं इंग्रजी तुटक होतं आणि तुमचं इंग्रजी कोर्टातलं, एका वाक्यात तीन परंतु. तुम्ही इंग्रजीत बोललात आणि त्याचा चेहरा कोरा. मग तुम्ही मराठीत सांगायचं आणि मी सोप्या इंग्रजीत त्याला सांगायचं असं ठरलं. तुम्ही पायाच्या अंगठ्याने झोका घेत म्हणालात, "सांग त्याला, वकील लागत नाही. परवान्याचा अर्ज आहे, शहाण्या माणसाने नीट वाचून भरावा." मी ते सांगितलं. तो इतका मोकळा हसला की आईही आतून डोकावली. मग मी त्याला म्हटलं, अर्ज मी लिहून देईन. तुमच्या पायाचा अंगठा तेवढ्यात जमिनीला टेकला आणि झोपाळा थांबला. क्षणभरच. मग पुन्हा कड्या वाजायला लागल्या.

अर्ज मी तीन दिवस लिहिला. बटणं कापण्याचं यंत्र, त्याच्या विजेच्या मोटारीसहित, कापायच्या पात्यांसहित, सुट्या भागांसहित आणि त्याला लागू असणाऱ्या सर्व वस्तूंसहित. इंग्रजीत ते काय भारदस्त दिसत होतं. एक आंब्याचं झाडच काय ते राहिलं होतं. तुम्ही चष्मा लावून वाचलंत आणि म्हणालात, चांगलं उतरलंय. परवाना आला त्या दिवशी अशीलबुवा पेढे घेऊन आले. परवान्यावर यंत्राचं नाव होतं, पुढचं सहित काही नव्हतं. आपल्या घरात कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. जमीन विकली की झाड तिच्याबरोबर जातंच, यंत्र आलं की मोटार त्याच्याबरोबर येणारच. जन्मभर जमिनी लिहिणाऱ्या घराला याहून वेगळं सुचणार तरी कसं?

मधले महिने आपल्या घराचे फार चांगले गेले, अण्णा. आईने करवंट्या साठवायला घेतल्या. नारळ फोडला की करवंटी खरवडून, धुऊन, उन्हात वाळवून टोपलीत. शेजारणींनाही तिने कामाला लावलं. अशीलबुवांनी लग्नघरांतून आणि देवळांतून करवंट्या गोळा करून छपरी भरली. गोरा माणूस डोंबिवलीला एक खोली घेऊन राहत होता, रविवारी आपल्याकडे यायचा, आईच्या हातचं थालीपीठ खायचा आणि करवंट्या एकेक उचलून जाडी बघायचा. आई त्याला मराठीत बोलायची, तो त्याच्या भाषेत, आणि दोघांचं उत्तम चालायचं. मला वाटायचं, हे सगळं माझ्या एका कागदातून उगवलंय.

बोट आली आणि गोदीत पेटी अडकली. एकाच मोठ्या पेटीत यंत्र, मोटार, पाती सगळं एकत्र भरलेलं. अधिकाऱ्याने विचारलं, मोटारीचा परवाना कुठे आहे? तिला वेगळा लागतो, आणि तशा मोटारी आता इथेच होतात म्हणून मिळणारही नाही. पातीही परवान्याच्या निराळ्या यादीत येतात. मी अर्जाची नक्कल घेऊन गोऱ्या माणसाबरोबर गोदीत गेले आणि सहित दाखवू लागले. तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनाने ती वाचली आणि मला विचारलं, बाई, हे जमिनीचं खत आहे का? चेष्टा नव्हती त्यात. त्याला खरंच तसं वाटलं असावं. मग मुंबईतला एक वकील केला, पण वेळ टळून गेली होती. पेटी कित्येक महिने तिथे पडून राहिली, आणि शेवटी मोटारीसहित, पात्यांसहित, सर्व वस्तूंसहित परत गेली. तेवढं एक सहित मात्र तिथे लागू पडलं.

अशीलबुवा आले तेव्हा ते जमिनीवर बसले नाहीत. पायरीवरच उभे राहिले. तुम्ही वर या म्हणालात, ते आले नाहीत. "साहेब, तुमी नको बोल्लात म्हनून त्यानी वकील केला नाय," ते म्हणाले. रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. तुम्ही झोपाळ्यावरून उठलात. म्हणालात, "खरं आहे. मीच नको म्हणालो. चूक माझी." मी दाराशी उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत की माझ्या मागे भिंतीकडे, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही.

गोरा माणूस निरोप घ्यायला आला. त्याने तुमचा हात हातात घेतला, आईला वाकून नमस्कार केला आणि मला एक डबी दिली. नमुन्यासाठी त्याने हाताने घासून केलेली करवंटीची बटणं होती त्यात. म्हणाला, अर्ज फार सुंदर लिहिला होता. तो टोमणा नव्हता, हे मला नक्की माहीत आहे, आणि म्हणूनच मी ती बटणं कधी कशाला लावू शकले नाही. त्यानंतर आपल्या बंबात कितीतरी दिवस करवंट्याच जळत होत्या. पाणी लवकर तापायचं. आई एकेक करवंटी आत घालायची.

आणि तुम्ही रविवारचं झोपाळ्यावर बसणं सोडलंत. कोणी आलं तर म्हणायचात, उद्या कोर्टात या. तुमचा सगळ्यात मोठा आनंद होता तो. एकदा धीर करून मी स्वयंपाकघरात तुमच्या ताटासमोर बसले आणि म्हटलं, अण्णा, त्या दिवशीचं मला काही सांगायचंय. तुम्ही भातावर ताक घेत म्हणालात, झालं ते झालं, जेव. मी जेवले. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. मी आयातीच्या कागदांचं काम शिकले, त्यात मुरले, लोक मला विचारायला येऊ लागले. प्रायश्चित्त म्हणून केलं म्हणावं, तर मला ते काम मनापासून आवडायचं. तेही मला नीट उमगत नाही.

आता राहिलेलं सांगते. तुम्ही त्या रविवारी मराठीत ती दोन वाक्यं म्हणाला होतात आणि पुढे तिसरंही. "पण हे माझं क्षेत्र नाही, तेव्हा पाठवण्याआधी अर्ज गोदीच्या कामातल्या जाणत्या माणसाला दाखवून घे म्हणावं." अशीलबुवा तेवढ्यात पडवळं द्यायला आईकडे आत गेले होते, आणि गोऱ्या माणसाला ते मी सांगितलंच नाही. त्याच्याऐवजी म्हटलं, मी लिहून देईन. विसरले नव्हते. दुसऱ्या कोणी तपासला असता तर तो अर्ज माझा राहिला नसता, आणि मला निदान एक कागद पूर्ण माझा हवा होता. तुम्हाला सोपं इंग्रजी बोलता येत नव्हतं, समजत मात्र होतं. मी काय बोलले आणि काय गाळलं, हे तुम्हाला कळलं असणारच. म्हणून झोपाळा थांबला. मग तुम्ही का बोलला नाहीत? माझ्यावर विश्वास टाकलात, की वकिलीला पाठवलं नाही त्याची भरपाई केलीत? की नुसती सुपारी अडकली होती?

आज सकाळी त्या बाईंना फोन करून तुमची तिन्ही वाक्यं सांगितली, एकही न गाळता. त्या म्हणाल्या, किती साधं आहे. हे पत्र मात्र बटणांच्या डबीखाली ठेवणार आहे. पोचवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, अण्णा. तू गाळलंस ते ऐकलं होतं, असं तुमचं उत्तर आलं असतं तर पायरीवरच्या त्या माणसासमोर तुम्ही कोणाची चूक पदरात घेतलीत हे मला कायमचं कळलं असतं. सुपारी अडकली होती, असं मानायची सोय मला अजून लागते.