बघतेस का?

१७ फेब्रुवारी, मंगळवार
दुपार

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे बरे असतील आणि घरातले सगळे ठीक असतील असं धरून चालते. सहा वर्षांत विचारायची सवय मोडली आहे, तेव्हा अक्षर पाहून दचकू नकोस.

सकाळपासून एकच आठवतंय. आपण दोघी गणवेशात, तुझी एक वेणी घातलेली, दुसरी मोकळी. आई खिडकीखाली डोळे मिटून ध्यानाला बसलेली. तू माझ्या कानात म्हणालीस, "ताई, ही श्वास घेत नाहीये." मी हातातला आरसा तिच्या नाकाखाली धरला. काचेवर वाफ आली, विरली, परत आली. डोळे न उघडता आई म्हणाली, "जिवंत आहे गं बायांनो. प्रयोग झाला असेल तर बूट घाला." तू इतकी हसलीस की तुला उचकी लागली, आणि ती प्रार्थनेतही थांबेना, म्हणून सिस्टरांनी तुला वर्गाबाहेर उभं केलं.

संध्याकाळी वाटलं, आता बोलणी बसणार. आई उलट खूष होती. म्हणाली, "मला विचारून गप्प बसला नाहीत, स्वतः तपासलंत. बुद्धांनी हेच तर सांगितलंय." मी पुढे प्रयोगशाळेत लागले ते त्या एका शाबासकीवर, असं मला अजून वाटतं.

तू लग्न करून गेलीस आणि आम्ही दोघी उरलो. सकाळी एकत्र ध्यान, मग मी कामावर. परत आले की चपला काढायच्या आत आईचा प्रश्न, "आज काय दिसलं?" मी पेशींची चित्रं काढून दाखवायची. सातवी शिकलेली बाई, चांगली पेशी आणि बिघडलेली पेशी यांतला फरक साठाव्या वर्षी शिकली. म्हणायची, "रोज काहीतरी मरतं, रोज नवं येतं. तुझ्या काचेवर अनित्य दिसतं गं, मला ते मांडी घालून शोधावं लागतं." आमच्या घरात ध्यान आणि विज्ञान यांचं कधी भांडण झालं नाही. एकाच ताटात जेवायची दोघं.

नवीन म्हणशील तर, वरच्या मजल्यावरच्या शिक्षकांनी पेटी शिकायला घेतली आहे आणि अख्खी इमारत सोसते आहे. मी निवृत्त झाले. प्रयोगशाळेतल्या मुली अजून अडलं की फोन करतात.

ठकू, हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. शाळेत शिवण शिकवणाऱ्या सिस्टर आठवतात? चूक कबूल करताना 'पण' म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम होता. 'पण' आला की त्या म्हणायच्या, "पुन्हा पहिल्यापासून." तिन्ही वेळा माझ्या पत्रात तो आला. आता चौथ्यांदा लिहिते आहे.

आई गेली त्याच्या आधीच्या वर्षातली गोष्ट. सकाळचं ध्यान संपत आलं होतं. माझे डोळे मिटलेले होते. आई हळूच म्हणाली, "पोटात डाव्या बाजूला काहीतरी आहे गं. बघतेस का?"

मी म्हणाले, "मी काय बघणार? तूच बघ. शांतपणे बघत राहा. येतं, जातं."

ध्यानाला बसणाऱ्यांचा 'बघ' वेगळा असतो, तुला माहीत आहे. दुखलं तर हलायचं नाही, नुसतं पाहायचं. आईने विचारला होता तो साधा, प्रयोगशाळेतल्या मुलीला विचारलेला 'बघ' होता. माझं नाव लावलेल्या टेबलावर त्या दिवशी जवळजवळ पन्नास अनोळखी माणसांचे नमुने मी पाहिले. आईचा नाही पाहिला. डोळे उघडून "म्हणजे काय गं आई?" एवढंही विचारलं नाही.

तिला वाटलं, मी अभ्यास दिला आहे. तिने वही सुरू केली. तारीख, वेळ, जागा, किती दुखलं, किती वेळ. सात महिने, एक दिवस चुकला नाही. मला म्हणाली होती, "ठकूला कळवू का?" मी म्हणाले, "कशाला? ती उगाच घाबरून धावत येईल." मग सातव्या महिन्यात तिने वही माझ्या हातात ठेवली. "बघ, जमलंय का तुझ्यासारखं," म्हणाली. चेहऱ्यावर पहिला नंबर आलेल्या मुलीचा आनंद होता. मी उभ्याने वाचायला लागले आणि मग भिंतीला टेकून खाली बसले.

ती वही सोबत पाठवली आहे. चौथ्या महिन्यात एक ओळ आहे, "आज शौचाला रक्त. पाहिलं. मन घाबरलं, तेही पाहिलं." शेवटच्या पानावर लिहिलंय, "मोठी म्हणते तसं येतं. जात मात्र नाही."

त्याच दिवशी मी तिची तपासणी करवली. उशीर झाला होता.

आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात तू माझा दंड धरून विचारलंस, "तुला काही बोलली होती का गं?" मी "नाही" म्हणाले. तू रडलीस, मग चिडलीस. "मला परकी समजली. दोघींनाही फसवलं. ते डोळे मिटणं नसतं तर वाचली असती." आईवरचा तो राग घेऊन तू गेलीस, आणि मी तो तिच्यावर राहू दिला. ती मेलेली होती, तिला लागणार नाही असा हिशेब केला. तिने काहीही लपवलं नव्हतं, ठकू. तिने सांगितलं होतं. ध्यानाने तिला मारलं नाही. ध्यानाने आणि प्रयोगशाळेने मला आयुष्यभर एकच शिकवलं होतं, नीट बघ. मी बघितलं नाही.

अजून एक आहे. तेच लिहायला सगळ्यात जड जातंय.

तू निघताना विचारलं होतंस, "हे आपल्याला होईल का?" मी म्हणाले, "म्हातारपणाचा आजार तो. काळजी नको." तू ऐकलंस, कारण मी त्यातली. ते खोटं होतं. तुला तपासणीला पाठवलं असतं तर डॉक्टरांनी आईबद्दल विचारलं असतं, तू मला विचारलं असतंस, आणि सगळं उसवलं असतं. आतड्यातली ही गाठ सख्ख्या नात्यात उतरू शकते. मला ते तेव्हाही ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात माझ्या पोटाची दुर्बिणीने तपासणी झाली. आईच्याच जागी, आईचंच. यकृतापर्यंत गेलं आहे. डॉक्टर माझ्याच हाताखाली शिकलेली पोरगी आहे. काच तिने मला दाखवली, मीच वाचली. तिने विचारलं, "मॅडम, बहीण आहे ना तुम्हाला? तिची झाली का तपासणी?"

रोज बसते. दुखतं, बघते. भीती येते, बघते. तुझी आणि तुझ्या लेकीची आठवण आली की मात्र नुसतं बघवत नाही. म्हणून हे पत्र.

आता कुणाला काय, ते लिहून ठेवते.

माझं शरीर वैद्यकीय महाविद्यालयाला. कागदांवर सही केली आहे, त्यांचा नंबर दाराच्या आत चिकटवला आहे. बुद्धवंदना म्हणावीशी वाटली तर त्यांची गाडी येईपर्यंत म्हणा, त्यासाठी थांबवून ठेवू नका. सूक्ष्मदर्शक आपल्या शाळेला. पुस्तकं प्रयोगशाळेतल्या मुलींना, त्यांनी भांडून वाटून घ्यावीत. घड्याळ वरच्या शिक्षकांना, म्हणजे पेटी केव्हा थांबवायची ते कळेल. माझ्या तपासणीचे सगळे कागद तुझ्या लेकीला. तिने ते कपाटात न ठेवता डॉक्टरांपुढे ठेवायचे.

आणि तुझ्यासाठी येत्या सोमवारी सकाळी नऊची वेळ. तुझी आणि लेकीची, दोघींची. त्याच पोरीकडे नावं लिहून ठेवली आहेत, उपाशीपोटी बोलावलं आहे. माझ्याकडे यायचं नसेल तर येऊ नकोस, रस्ता बदलून जा. तिथे मात्र जा.

जिला आईने सांगितलं होतं ती,
तुझी ताई